सिनेमा सुटल्यावरचे बोलणे

नमस्कार श्रोतेहो,

खेळ सुटल्यावर थिएटरच्या पायऱ्या उतरताना, पार्किंगमधून गाडी काढताना किंवा समोरच्या टपरीवर चहा घेताना लोक नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयी जे बोलतात, त्या बोलण्याबद्दल आज मला आपल्याशी बोलायचे आहे. त्यातही माझा विषय तीन प्रकारच्या चित्रपटांपुरता आहे: भयपट, विज्ञानपट, आणि पहिल्या खेपेला आपटूनही पुढे वर्षानुवर्षे लोकांच्या मनात घर करून राहिलेले, ज्यांना आज सर्रास कल्ट म्हटले जाते ते चित्रपट. मोठ्या नटाचा चित्रपट त्याच्या नावावर आणि गाण्यांवर निदान पहिला आठवडा तरी काढतो. या तीन प्रकारांना तो आधार क्वचितच मिळतो. त्यांना तारून नेले आहे ते बहुतेक वेळा साध्या प्रेक्षकाच्या मताने, आणि म्हणून ते मत मन लावून ऐकले पाहिजे, असे मला वाटते.

२५ जून १९८२ या एकाच दिवशी अमेरिकेत दोन चित्रपट प्रदर्शित झाले, रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' आणि जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग'. त्याच्या दोनच आठवडे आधी स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' लागला होता, त्यातला परग्रहवासी मायाळू होता आणि मुलाबाळांसह सारी घरे त्याच्याकडे धावत होती. अशा वेळी पावसात भिजलेल्या अंधाऱ्या शहरातला एक आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात माणसाचेच रूप घेणाऱ्या जिवाची गोष्ट सांगणारा दुसरा, हे दोन्ही चित्रपट तिकीटबारीवर पडले. 'द थिंग'वर तर किळसवाणा म्हणून टीकेची झोड उठली. पुढे ज्यांनी ते व्हिडिओ कॅसेटवर किंवा दूरचित्रवाणीवर सहज म्हणून पाहिले, त्यांनी दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले, आणि आज या प्रकारांचा विषय निघाला की ही दोन नावे घेतल्यावाचून बोलणे पुढे सरकत नाही.

आपल्याकडचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, जाणकारांनी त्याची वाखाणणी केली, तरी त्या वेळी त्याला गर्दी अशी लोटली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी तो मोबाइलवर पाहिला, त्यांनी हा मोठ्या पडद्यावर बघायला हवा होता, ही हळहळ एकमेकांजवळ बोलून जागी ठेवली होती.

तो पुन्हा लागल्यावर पाहून आलेल्या एका सोलापुरी गृहस्थांचे मत माझ्या कानावर पडले. ते म्हणाले, "भूत कमी अन् पाऊसच लई हाय की ओ." सोबतचे लोक हसले, पण मला ते मत फार मोलाचे वाटले. या चित्रपटात पाऊस जवळजवळ थांबतच नाही. देवांच्या कोपामुळे तो त्या गावावर कोसळत राहतो, वाड्याच्या भिंतींना ओल चढते, माणसे भिजलेल्या कपड्यांतच वावरतात, आणि हावेपायी एक घर पिढ्यान्‌पिढ्या कसे कुजत जाते, हे संवादांपेक्षा त्या ओलीतून अधिक कळते. आता आपला सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेचा. आपण आभाळाकडे डोळे लावून बसणारे लोक. ढग भरून आले की आपल्याला बरे वाटते, पहिली सर आली की माणसे मुद्दाम अंगणात येऊन उभी राहतात. अशा मुलखातल्या माणसाला पाऊस हाच शाप म्हणून समोर येतो तेव्हा त्याच्या पोटात जे कालवते, ते बारमाही हिरव्या मुलखातल्या प्रेक्षकाला तितके जाणवेल असे मला वाटत नाही. त्या गृहस्थांनी चार शब्दांत चित्रपटाच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवले होते.

असेच दुसरे मत विशाल फुरिया यांच्या २०१७ मधल्या 'लपाछपी' या मराठी चित्रपटाबद्दलचे. चहूबाजूंनी ऊस असलेल्या एका घरात एक गर्भवती स्त्री आपल्या नवऱ्यासह आसऱ्याला येते आणि तिथून पुढे तो चित्रपट घडतो. माळशिरसकडच्या एका शेतकऱ्याने मला सांगितले, की त्याला भूत दिसले तेव्हा भीती वाटली नाही, ऊस हलला तेव्हा वाटली. शेतीपंपाची वीज रात्रीची असली म्हणजे उसाला पाणी पाजायला रात्रीच जावे लागते, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. हातात बॅटरी, खांद्यावर फावडे, पायांत चिखल, आणि डोक्याच्या वर गेलेल्या उसात वारा नसताना एकाच जागी पाचट वाजते. ते डुक्कर आहे, कोल्हा आहे की आणखी काय आहे, हे ठरेपर्यंत दारे धरणारा, म्हणजे उसाला पाणी देणारा, माणूस श्वास रोखून उभा असतो. हा अनुभव गाठीशी असलेल्या प्रेक्षकाचे मत हे त्या चित्रपटाचे खरे परीक्षण आहे, आणि ते शहरात बसून लिहिता येणार नाही.

म्हणून, श्रोतेहो, माझी तक्रार आहे ती आपण मत देताना करतो त्या घाईबद्दल. "भारी आहे", "पकवलं", "पैसे वसूल", एवढ्यावर आपण थांबतो. भयपटाबद्दल तर "मला काहीच भीती वाटली नाही" हे वाक्य जणू मर्दुमकी गाजवावी तसे म्हटले जाते. भीती वाटली नाही, हे खरेही असेल. परंतु तो चित्रपट भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून, मोबाइलच्या वीतभर पडद्यावर, मध्येच दोन फोन घेऊन पाहिला असेल, तर दोष एकट्या चित्रपटाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. भीती डोळ्यांच्या आधी कानांनी आत शिरते, आणि हे आकाशवाणीच्या श्रोत्यांना मी वेगळे सांगावे असे नाही. १९७५ च्या 'जॉज'मध्ये चित्रीकरणासाठी केलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत असे, त्यामुळे दिग्दर्शकाला तो फारसा न दाखवता पाण्याच्या पृष्ठभागावर आणि संगीताच्या दोन स्वरांवर भागवावे लागले; लोक घाबरले ते त्या न दिसलेल्या माशाला.

रामसे बंधूंच्या चित्रपटांना आज हसतात, त्याचे मला वाईट वाटते. 'दो गज जमीन के नीचे' १९७२ चा आणि 'पुराना मंदिर' १९८४ चा. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशी कामे भावाभावांनी वाटून घेतली, थोड्या पैशांत आपल्या मातीतला भयपट उभा केला, आणि तो गावोगावी चालवून दाखवला. आज त्यांतल्या भुताचा मुखवटा रबराचा दिसतो, हे मान्य. पण ज्या पिढीने ते चित्रपट शेवटच्या खेळाला पाहिले आणि मग सामसूम रस्त्यावरून सायकल दामटत घर गाठले, त्या पिढीचे मतही तितकेच खरे आहे, आणि ते आता विचारून घेतले पाहिजे, कारण ते बहुधा कुठे लिहिलेले नाही.

विज्ञानपटांबाबत आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: असे कधी होऊ शकते का? मला वाटते, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. एक अशक्य गोष्ट मान्य करून पुढे जायचे, असा या चित्रपटांचा करारच असतो. पाहायचे ते एवढेच, की स्वतः घातलेला नियम चित्रपट पाळतो की नाही. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'तला अदृश्य नायक लाल प्रकाशात दिसतो, हा नियम त्या काळच्या पोराटोरांना पाठ होता, आणि पडद्यावर कुठे लाल काही आले की थिएटरभर कुजबुज सुरू होई. ती कुजबुज म्हणजे विज्ञानपटाचे मर्म कळल्याची खूण होती.

शेवट मात्र सांगू नये. एवढे पथ्य प्रत्येकाने पाळावे.

आता सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. यंत्रमागांच्या त्या वस्तीत तेलुगू ही घरची भाषा आहे आणि तेलुगू चित्रपटांची चर्चाही तिथे घरचीच आहे, पण ती मराठी प्रेक्षकापर्यंत फारशी पोहोचत नाही. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 'आदित्य ३६९' हा १९९१ चा चित्रपट घ्या. बालकृष्ण यांची भूमिका असलेल्या या चित्रपटातले कालयंत्र माणसांना विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या दरबारात नेते आणि पुढे थेट २५०४ सालात. तेनाली रामकृष्णाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या घरात तो दरबार ओळखीचा वाटत असेल, आणि नवलाई असेल ती पुढल्या काळाची. पंढरपूरच्या वारकऱ्याला त्याच दरबारात आणखी काही दिसेल, कारण कृष्णदेवरायाने विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा आपल्या परंपरेत सांगितली जाते. एकाच जिल्ह्यात, एकाच प्रसंगाकडे पाहणारे हे दोन प्रेक्षक एकमेकांशी त्याविषयी कधी बोललेले नाहीत. आपण हा चित्रपट पाहिला असेल, तर कोणत्या वयात पाहिला, कुणाबरोबर पाहिला, आणि कालयंत्राचे दार उघडले तेव्हा आधी कोणता काळ बघावासा वाटला, हे आकाशवाणी केंद्राच्या पत्त्यावर आम्हाला अवश्य लिहून कळवा. पत्र मराठीत असो वा तेलुगूत, ते वाचले जाईल.

नमस्कार.