गाडी गॅरेजमध्ये शहाणी होते

[दृश्य: डॅशबोर्ड जवळून. किल्ली फिरते, सगळे दिवे लागतात आणि एकेक करत विझतात.]

गाडी वीसेक वर्षांची. पेट्रोल इंजिन. मालकाची तक्रार अशी, की अर्धा तास चालवून सिग्नलला थांबलं की इंजिन डळमळायला लागतं, पेट्रोलचा वास येतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये आणली की यातलं काहीच नाही. आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं चालणं) सरळ, पिकअप व्यवस्थित, दिवासुद्धा विझलेला.

दिवा विझला म्हणून दोष गेला असं होत नाही. सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही, तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, दिवा स्वतःच विझवतो. दोषाचा कोड मात्र मेमरीत पुढेही बराच काळ राहतो. स्कॅनर लावल्यावर तो सापडतो: पी ०१३४.

धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरच्या आधी बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये हालचाल दिसली नाही, एवढाच या कोडचा अर्थ. 'सेन्सर गेला' असं तो कुठेही म्हणत नाही. सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याच्या चार वायरी आहेत, कपलर (वायरींचा काढता-घालता येणारा जोड) आहे, इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डजवळून जाणारा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, आहे, फ्यूज आहे, अर्थिंग आहे आणि शेवटी ईसीयू आहे. यांतलं काहीही सुटलं तरी कोड हाच येऊ शकतो. तरी बहुतेक घाई सेन्सरच्याच बाबतीत होते, कारण तो नवा आणून बसवता येतो. वायरीतला दोष मात्र शोधावा लागतो.

[दृश्य: बाहेर काढलेला सेन्सर. भोकं असलेलं धातूचं टोक, मागे चार वायरी.]

हा सेन्सर करतो काय? टोकाच्या आत झिर्कोनिया या सिरॅमिकची एक पोकळ टोपी असते, दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या अंगाला धूर, आतल्या अंगाला स्वच्छ हवा. दोन्हींकडच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका व्होल्टेज. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांचं यामागचं समीकरण १८८९ सालचं आहे. गाडीत हे तंत्र आलं १९७६ साली, बॉशचा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत बसला तेव्हा.

पेट्रोल जास्त झालं, म्हणजे मिश्रण रिच झालं, की सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास जातो. लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की ०.१ च्या आसपास. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण साधलं, की सेन्सर ०.४५ वर असतो, पण तिथे तो टिकत नाही. ईसीयू पेट्रोल थोडं वाढवतो, थोडं कमी करतो, आणि व्होल्टेज सतत वरखाली होत राहतो. निरोगी सेन्सरची ओळख हीच: तो स्थिर नसतो.

आणि तो थंड असताना बोलत नाही. टोक साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय भरवशाचा व्होल्टेज मिळत नाही. सुरुवातीचे सेन्सर एकाच वायरीचे होते, धुराच्या उष्णतेवर तापायचे आणि अर्थिंग सायलेन्सरच्या पाइपातून घ्यायचे. पाइपाच्या आट्या गंजल्या की सिग्नलही गंजायचा. पुढे आत हीटर आला. बॉशच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये बहुधा दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि राखाडी सिग्नलच्या अर्थिंगची. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे असतात, तेव्हा रंगावर विसंबण्यापेक्षा त्या गाडीचा वायरिंग डायग्राम पाहिलेला बरा.

एक व्होल्टच्या आतला हा सगळा व्यवहार. हेडलाइटच्या वायरीत ०.१ व्होल्ट गळला तर कुणाला कळणारही नाही. इथे तेवढ्या गळतीने इंजिनाचा हिशोब बिघडतो. आणि ही वायर जाते कुठून, तर गाडीतल्या सगळ्यात तापलेल्या भागाशेजारून, ऑइल, पाणी आणि हादरे सोसत.

[दृश्य: स्कॅनरचा पडदा. आकड्यांची यादी.]

कोड पुसायची घाई नको. त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे दोष पकडला त्या क्षणीची नोंद. या गाडीत नोंद सांगते: कूलंट ९३ अंश, वेग शून्य, इंजिन आयडलवर. कोड पुसला की हेही जातं, आणि हाती उरते फक्त मालकाची आठवण. (अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून दोष गाडीतच नोंदवणारी ही प्रणाली (ओबीडी) सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत दिव्याची उघडझाप मोजून कोड वाचावा लागतो, फ्रीझ फ्रेम नसते, आणि मालकाची आठवण हाच पुरावा असतो.)

गरम इंजिन, उभी गाडी. रस्त्यावर धावताना धूर भरपूर आणि तापलेला, त्यामुळे हीटर बंद असला तरी सेन्सर चालतो. आयडलवर धूर कमी होतो, पाइप निवतो, आणि तेव्हा सेन्सरला हीटरचाच आधार. हीटर नेमका तेव्हा गळपटला तर सेन्सर हळूहळू गप्प होतो आणि ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडू लागतो. पेट्रोलचा वास इथून आला असावा.

मग हीटरचा कोड, पी ०१३५, का नाही आला? अनेक गाड्यांत हीटरची परीक्षा ठरावीक वेळीच होते, इंजिन सुरू झाल्यानंतर थोड्या वेळात. सकाळी वायर जागेवर, हीटर पास. दुपारी काय झालं ते कोण विचारतो?

आता सेन्सरच्या व्होल्टेजचा आलेख. गाडी अजून निरोगी आहे, तेव्हा रेषा ०.१ ते ०.९ नाचते आहे. ती कशी बिघडते यावरून बरंच कळतं. पुष्कळ ईसीयू सिग्नलच्या वायरीवर स्वतःचे ०.४५ व्होल्ट ठेवतात. वायर तुटली किंवा सेन्सर निवला, की रेषा तिथेच सपाट होते. शून्याला चिकटली तर वायर बॉडीला शॉर्ट असू शकते. आणि रेषा सव्वा-दीड व्होल्टपर्यंत चढली, तर सेन्सरला दोष देऊच नये. झिर्कोनिया स्वतःहून जेमतेम एक व्होल्टपर्यंत पोहोचतो, वरचे व्होल्ट बाहेरून आलेत. बहुधा वितळलेल्या आवरणातून हीटरच्या वायरीतून.

शून्याजवळची रेषा आणखी एका कारणाने फसवते. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा आत ओढली जात असेल, तर सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो. तो बिचारा खरंच सांगतोय, पण ईसीयू मिश्रण लीन समजून पेट्रोल वाढवतो. मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नसेल, तरी तेच, कारण न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. वायरी उलगडण्याआधी प्लग आणि गॅस्केट बघून घ्यावेत.

[दृश्य: इनटेकजवळ प्रोपेनची नळी. बाजूला मल्टिमीटर.]

सेन्सरची परीक्षा पाच मिनिटांची. इंजिन गरम, इनटेकमध्ये (हवा आत जाते तिथे) थोडा प्रोपेन हा जळाऊ वायू सोडला: व्होल्टेज ताबडतोब ०.८ च्या वर गेला पाहिजे. मग जादा हवा आत जावी म्हणून व्हॅक्यूमची एक नळी काढली: तितक्याच झटक्यात ०.२ च्या खाली. या गाडीत दोन्ही झालं, न रेंगाळता. सेन्सर ठीक आहे. टोकावर पांढरी पूड नाही, म्हणजे सिलिकॉनचं विष नाही. नुसती फिकट राख.

इथे दोन इशारे. मल्टिमीटर डिजिटलच हवा, काट्याचा जुना मीटर सिग्नलच ओढून घेतो. आणि सिग्नलच्या वायरीवर ओहम मोजायचे नाहीत, मीटरच्या स्वतःच्या प्रवाहाने सेन्सर बिघडू शकतो. ओहम मोजायचे ते हीटरच्या दोन वायरींवर, कपलर काढून. इथे ते थंड असताना ६ ओहम भरतात. हीटरही ठीक.

राहिला हार्नेस. मीटरने वायरीची दोन्ही टोकं जोडून पाहिली: कंटिन्युइटी, म्हणजे सलग जोड, आहे, मीटर पीं करतो. आणि इथेच बहुतेक तपास संपतात.

संपायला नकोत. मीटर मोजण्यासाठी अगदी किरकोळ प्रवाह सोडतो. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो 'ठीक' म्हणणार. हीटरला मात्र अँपिअरमध्ये प्रवाह लागतो, आणि तो एका तारेतून जात नाही. म्हणून वायरीवर भार टाकून बघायचं. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घेतला. एक टोक हार्नेसच्या बाजूच्या कपलरमध्ये, हीटरच्या पुरवठ्याच्या पिनेवर. दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला.

[दृश्य: बल्ब झगझगीत पेटतो.]

बल्ब पेटला, पूर्ण प्रकाशाने. गाडी अजूनही शहाणीच.

आता तिला वेडं करायचं. इंजिन चालू ठेवून पूर्ण तापवलं. मग हार्नेस इंचाइंचाने हातात धरून वाकवत जायचं, ओढायचं नाही. हेअर ड्रायरसारख्या हीट गनने एकेक भाग शेकायचा. पुढे फवारणीच्या बाटलीने पाणी. ब्रेक दाबून गिअरचा भार दिला की इंजिन माउंटिंगवर कलतं, तसंही करून बघायचं, कारण कपलरपर्यंतचा हार्नेस इंजिनबरोबर हलतो. सिग्नल बघत असाल तर स्कॅनरवर एकच आकडा निवडा. जुन्या गाड्यांचं बोलणं संथ असतं, यादी लांब ठेवली तर क्षणभराची उचकी दोन नोंदींच्या मधून निसटते. मीटरचं मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) किंवा ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम.

बल्ब पहिल्यांदा मंद झाला तो गिअरच्या भाराने. इंजिन कललं आणि प्रकाश अर्ध्यावर आला.

[दृश्य: ब्रॅकेटजवळ हार्नेस. प्लास्टिकची क्लिप तुटलेली.]

क्लिप तुटलीय, त्यामुळे हार्नेस लोंबून ब्रॅकेटच्या कडेला घासतोय. स्लीव्ह वरून जेमतेम झिजलेली. आतली वायर मात्र मऊ पडलीय, आवरणाखाली तारा तुटलेल्या आणि हिरव्या गंजलेल्या. थंड असताना उरलेल्या तारा एकमेकींना टेकतात. तापून, कलून त्या सुटतात.

समजा सेन्सर बदलला असता. त्यासाठी कपलर काढला असता, हार्नेस हलवला असता, तारा पुन्हा टेकल्या असत्या. गाडी काही आठवडे नीट चालली असती आणि सगळ्यांची खात्री पटली असती की सेन्सरच गेला होता. अधूनमधून येणाऱ्या दोषांत असे खोटे विजय फार मिळतात, आणि पुढच्या वेळी 'नवा सेन्सरही खराब निघाला' असं ऐकू येतं.

दुरुस्ती छोटी आहे. खराब भाग कापून त्याच जाडीची, उष्णता सोसणारी वायर क्रिम्प करून जोडायची, वर हीट श्रिंक. सेन्सरच्या स्वतःच्या वायरींना मात्र सोल्डर लावू नये, त्याच्या कपलरमध्ये ग्रीस किंवा क्लीनरचा फवारा नको. बऱ्याच सेन्सरमध्ये आतली स्वच्छ हवा या वायरींच्या तारांमधूनच जाते. ती वाट बुजली, की चांगला सेन्सर चुकीचं बोलायला लागतो. शेवटी नवी क्लिप, आणि हार्नेस ब्रॅकेटपासून लांब.

आता पुन्हा तोच बल्ब, तोच गिअरचा भार, तीच हीट गन. प्रकाश हलत नाही. मग कपलर जोडून, कोड पुसून अर्धा तास गाडी चालवायची आणि मुद्दाम आयडलवर उभी ठेवायची, दहा मिनिटं. आलेखावरची रेषा नाचत राहिली पाहिजे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनापासून पुन्हा एक फेरी, कारण बरेच कोड सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच पक्के होतात. स्कॅनरवर पेंडिंग, म्हणजे अजून पक्के न झालेल्या, कोडची यादी रिकामी आणि ऑक्सिजन सेन्सर व हीटर या दोन्ही मॉनिटरसमोर (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या) 'पूर्ण' असं दिसलं, की गाडी मालकाच्या हवाली करायची. सेन्सर जुनाच.