पोरगं झाडावरून पडलं तर

(दृश्य: जांबोटी रोड, काजूची बाग, फांदीवर पोरं)

एप्रिल लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या पोरांचा पत्ता एकच, झाड. शाळेला सुट्टी, काजू पिकलेले, आंबे लागलेले, आणि हात सुटला की पोरगं खाली येतं ते हात टेकवूनच, म्हणून लहानपणी हातच जास्त मोडतात, त्यातही मनगटाजवळ.

पोरांचं हाड मोठ्या माणसासारखं काडकन मोडत नाही, ओल्या फांदीसारखं एका बाजूनं तडकतं नि दुसऱ्या बाजूनं वाकतं. ह्याला डॉक्टर ग्रीनस्टिक फ्रॅक्चर म्हणतात, त्याला प्लास्टर, 4 ते 6 आठवडे, जास्त वाकलं असेल तर आधी सरळ करून. कधी मनगटाजवळ हाडाला नुसता फुगवटा येतो, ते बकल फ्रॅक्चर, तीनेक आठवडे स्प्लिंट, म्हणजे काढता-घालता येणारा आधार, लावला की झालं. कॉलर बोनला, म्हणजे गळ्याखालच्या खांद्याकडं जाणाऱ्या हाडाला, बहुतेक वेळा झोळी पुरते. मांडीचं मोडलं तर मात्र ॲडमिट करायचंच.

(दृश्य: कोपराचा एक्सरे)

खरी भीती कोपराची. पाच-सात वर्षांचं पोरगं पडलं की कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं, डॉक्टर सुप्राकॉन्डायलर म्हणतात, आणि हाताची मोठी रक्तवाहिनी नि नसा तिथनंच जातात. आणि आपल्याकडं काय होतं, आज्जी म्हणते पट्टी बांधणाऱ्याकडं न्या की, तो हाड चांगलं बसवतो. असेलही त्याच्या हाताला गुण, पण एक्सरे न बघता तो चोळतो, कामट्या लावून करकचून बांधतो, आत सूज वाढत जाते, पट्टी काय सैल होत नाही, रक्त पोचत नाही आणि काही तासांतच स्नायू मरायला लागतात. नंतर हाड जुळतं पण बोटं आखडतात ती कायमचीच. फोल्कमन नावाच्या जर्मन सर्जननं 1881 सालीच हे लिहून ठेवलंय!

म्हणून बोटं बघा. दवाखान्यातलं प्लास्टर असलं तरी बघा. पांढरी पडली, गार लागली, मुंग्या आल्या, बोट सरळ करताना पोरगं किंचाळलं, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्रीच गाडी काढायची. पडल्यापडल्या नेताना हात आहे तसाच पुठ्ठ्यावर ठेवून बांधा, सैलच, आणि खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं पाहिजे.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर, सी-आर्मची, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्सरे दाखवणाऱ्या मशीनची, स्क्रीन)

हाड सरकलं असेल तर भूल देऊन, स्क्रीनवर बघत बघत जागेवर बसवतात आणि चामडीतनं दोन-तीन बारीक तारा घालतात. कापाकापी बहुतेक नसतेच. तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच तारा ओढून काढतात, पोरगं दोन मिनिटं रडतं. पुढं थोडे दिवस कोपर पुरतं सरळ होत नाही, मग परत कुणीतरी तेलाची बाटली घेऊन येतंच, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा, चोळल्यानं कोपर उलट जास्त आखडतं, पोरगं खेळता खेळता आपलं आपणच सरळ करतं.