टारबोल्टन: कागदावरची आणि कानातली

[काळी रेकॉर्ड फिरतेय. खरखर.]

ही खरखर आम्ही काढलेली नाही. एडिटिंगमधे सहज काढता आली असती, पण अर्ध्या आयर्लंडने ह्या खरखरीतूनच फिडल, म्हणजे व्हायोलिनच, ऐकलंय, तर राहू दे.

वाजवतोय मायकल कोलमन. जन्म १८९१, गाव किलाव्हिल, काउंटी स्लायगो. १९१४ मधे अमेरिकेला गेला आणि पुढे न्यूयॉर्कमधे सेव्हंटी-एटच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, रेकॉर्डी करत राहिला. तिकडच्या नातेवाइकांनी त्या घरी पाठवायच्या आणि ज्याच्याकडे ग्रामोफोन त्याच्याकडे शेजारीपाजारी जमायचे, असं चालायचं. ही रेकॉर्ड १९३४ ची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात, त्यात त्याने तीन रील्स, म्हणजे आयरिश नाचाच्या जलद चाली, बसवल्यात: टारबोल्टन, लाँगफर्ड कलेक्टर, सेलर्स बॉनेट. आजही कुणी टारबोल्टन सुरू केली की पुढच्या दोन ह्याच क्रमाने येणार हे बाकीचे धरूनच चालतात. आणि टारबोल्टन हे गाव आयर्लंडमधे नाहीच, स्कॉटलंडमधे आहे.

[स्वयंपाकघर. टेबलावर फिडल, फोन, कागद.]

हे गृहस्थ स्लायगोमधे बस चालवतात. फिडल हातात घेतलं ते चाळिशी उलटल्यावर. टारबोल्टनच्या नोटेशनचा कागद त्यांच्याकडे आहे, झेरॉक्सची झेरॉक्स, वरती दोन शार्प, म्हणजे स्वर अर्ध्याने चढवायच्या खुणा, आणि सूर ई वर बसलेला, म्हणजे सा तिथे, म्हणजे डोरियन मोड, आपल्या भाषेत काफी थाटाचे स्वर. आठ-आठ बारचे, म्हणजे तालाच्या आवर्तनांचे, भाग, फिरवून फिरवून वाजवायचे. नोटेशन वाचता येणारा माणूस हे तासाभरात वाजवून दाखवेल, आणि ते बरोबरही असेल, आणि तरीही ऐकणारा म्हणेल की हे कायतरी वेगळंच चाललंय.

का ते बघा. क्लोज-अप मुद्दाम लांब ठेवलाय.

[डाव्या हाताची बोटं.]

रीलच्या कागदावर कधी कधी एक लांब नोट असते, टिंब दिलेली, तीन आठव्या नोटांएवढी (आठवी नोट म्हणजे पूर्ण नोटेचा आठवा भाग). फिडलवाला ती नुसती धरून ठेवत नाही, तिचा रोल करतो. मूळ स्वर, मग वरच्या बोटाची टिचकी, परत मूळ स्वर, मग खालून एक थाप, परत मूळ स्वर. पाच आवाज, पण बो, म्हणजे गज, एकच. त्या टिचकीला ह्यांच्यात कट म्हणतात आणि तिला स्वतःचा असा सूर ऐकू येता कामा नये, बोट तारेला लागलं न लागलं की उठलं पाहिजे. बहुतेक जुन्या पुस्तकांत ह्यातलं काहीच लिहिलेलं नसतं, फार तर नोटेच्या डोक्यावर एखादी खूण. लिहिणाऱ्याने धरलेलं असतं की वाजवणाऱ्याला हे येतंच.

दुसरं, आठव्या नोटा. कागदावर सगळ्या सारख्या. कोलमनच्या हातात पहिली जराशी लांब, दुसरी जराशी आखूड, पण किती ते लिहून दाखवता येत नाही, दाखवायला गेलं की नाच संपतो आणि कवायत सुरू होते. आणि बो. तो तालाच्या ठोक्यावर बदलेल असं तुम्हाला वाटतं, हा ठोक्याच्या अलीकडच्या नोटेवर बदलतो आणि ठोका ओलांडून जातो, स्लायगोची फिडल ओळखायची ती ह्यावरून.

म्हणून हे काका आधी फोन उघडतात.

[फोनवर ॲप. रील अर्ध्या वेगात.]

वेग निम्मा, सूर तोच. हे आत्ताचं सुख. पूर्वी एलपी तेहतीसच्या ऐवजी सोळाच्या स्पीडवर लावायचे, वेग निम्मा व्हायचा पण सूरही अख्खं सप्तक खाली यायचा, फिडलचा पार चेलो. सेव्हंटी-एटची अजून एक भानगड म्हणजे सूर आजच्या पट्टीत बसेलच असं नाही, त्यामुळे एकतर फिडल रेकॉर्डला लावून घ्या नाहीतर ॲपमधे रेकॉर्ड सरकवा. आणि मागचा पियानो ऐकू नका. कोलमनच्या बऱ्याच रेकॉर्डींवर पियानोवाला कुठल्यातरी भलत्याच कॉर्डवर असतो, चाल इकडे आणि तो तिकडे, जाणकार लोक ह्यावर पिढ्यानपिढ्या हसत आलेत.

अर्ध्या वेगात खरी अडचण कळते. कोलमन तीच चाल दुसऱ्यांदा घेतो तेव्हा ती तीच नसते. इथे एक वळण बदललं, तिथे रोलच्या जागी तीन सुट्या नोटा. मग शिकायची कुठली? कागदात एकच आहे, रेकॉर्डमधे प्रत्येक फेरीला वेगळी. काकांनी कागदावर पेन्सिलीने खुणा केल्यात, पहिली फेरी, दुसरी फेरी, आता मूळ छपाई दिसतच नाही.

[जुने फोटो. शिकागो पोलिसांचा गणवेश.]

आणि मुळात हा कागद आला कुठून? फ्रान्सिस ओ'नील, जन्म १८४८, काउंटी कॉर्कमधे बँट्रीजवळचं ट्रालिबेन. पोरवयात जहाजावर गेला, फिरत फिरत शिकागोला पोचला, १९०१ ते १९०५ तिथला पोलीसप्रमुख. लहानपणी ऐकलेल्या चाली डोक्यात भरलेल्या, पण स्वरलेखन हे त्याचं काम नव्हे. ते करायचा जेम्स ओ'नील, आडनाव तेच आणि तोही पोलीसच. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकून लिहायचं. १९०३ च्या पुस्तकात १,८५० चाली, १९०७ च्या पुस्तकात १,००१, आणि त्या दुसऱ्याला वाजवणारे नुसतं 'द बुक' म्हणायला लागले. आपल्याकडे त्याच सुमारास वकिली सोडून बंदिशी गोळा करणारे भातखंडे आठवतात, दोघंही गेले १९३६ मधे. तर मुद्दा हा, की कागदाला प्रमाण मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तो कागदच मुळी कानाने लिहिलेला आहे.

[बैठकीची खोली. बाई आणि काका समोरासमोर.]

ह्या बाई शिकवतात. कागद आल्या आल्या उलटा ठेवायला लावतात. आधी तोंडाने म्हणायचं, डिडल-डी करत, ह्याला लिल्टिंग म्हणतात, मग दोन बार फिडलवर, मग पुढचे दोन. पाय चालूच. अडलं तरच कागद बघायचा, ते सुद्धा शंका असलेली एक नोट बघायची आणि परत उलटा. मला विचाराल तर सगळ्या पद्धतींत हीच खरी. बाईंचं उजवं मनगट बघत रहा, शब्दांत सांगण्यासारखं तिथे काही नाही.

कोलमनच्या रेकॉर्डींपायी बाकीच्या काउंट्यांच्या स्वतःच्या ढंगाचे कितीतरी फिडलवाले त्याच्यासारखंच वाजवायला लागले आणि तो तोटा मोठा आहे, पण तो वेगळा विषय.

[काका टारबोल्टन वाजवतात. पूर्ण, न थांबता.]

पुढची लाँगफर्ड कलेक्टर. सूर ई वरून जी वर जातो आणि तो बदल मधे श्वास न घेता झाला पाहिजे, नाचणारे थांबत नाहीत ना. तिचा कागद काकांनी मागितला होता. बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात देते, तोवर बसमधे ऐका.