मोजा भरण्याआधी मोजा

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या डिसेंबरमधल्या मेळाव्यात झालेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी.

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की इथल्या दुकानांत लाल मोजे लटकायला लागतात. आपली मुलं इथल्या शाळांत वाढतात, त्यामुळे ख्रिसमसचा हा मोजा, म्हणजे स्टॉकिंग, आपल्यातल्याही बऱ्याच घरांत टांगला जातो. मोठी भेट झाडाखाली, किरकोळ गमती मोज्यात. किरकोळ म्हणजे स्वस्त असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. दोन डॉलरची ही, तीन डॉलरची ती, असं करत टोपली भरते. दोन-तीन मुलांचे मोजे भरेपर्यंत झाडाखालच्या भेटीपेक्षा जास्त खर्च झालेला असतो आणि नाताळची सुट्टी संपायच्या आत निम्म्या वस्तू मोडलेल्या असतात. म्हणून आज सांगायचंय ते एवढंच: मोजा भरण्याआधी मोजा. त्याचा आकार मोजा, नग मोजा, पैसे मोजा.

आधी मोज्याचंच बघू. नेहमीचा मोजा अठरा ते वीस इंच लांब असतो, आणि दिसतो त्याच्या दुप्पट माल गिळतो. पावलाच्या भागात किती जातं याचा दुकानात अंदाज येत नाही. घरी एकदा मोज्यात स्वच्छ पिशवी घालून त्यात चुरमुरे भरा आणि नंतर वाटीने मोजून काढा. किती वस्तू लागतील ते लगेच डोळ्यांपुढे येतं. मोजा फारच मोठा निघाला तर जास्त सामान आणण्यापेक्षा पुढच्या वर्षी लहान मोजा घ्यावा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. विणलेला लोकरी मोजा वजनाने ताणून लांब होतो आणि त्याच्या सैल विणीतून पेन्सिलीचं टोक बाहेर येतं. फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचा, मोजा ताणत नाही. लोकरीचाच हवा असेल तर आत पातळ सुती कापडाचं अस्तर टाचून घ्या, चार टाके पुरतात.

भरायचा क्रम ठरलेला ठेवा. अगदी बोटांकडे एक संत्रं. त्याचं वजन मोज्याला आकार देतं आणि मोजा सरळ लोंबतो. या संत्र्यामागे कथा आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी गुपचूप सोनं घरात टाकलं आणि ते वाळत घातलेल्या मोज्यात पडलं, असं सांगतात. सोन्याचा गोळा म्हणून संत्रं आणि सोन्याची नाणी म्हणून सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी. इथे डिसेंबरात मिळणारं छोटं क्लेमेंटाइन हे आपल्या नागपुरी संत्र्याच्याच कुळातलं. तीन पौंडांच्या पिशवीत साधारण पंधरा ते वीस निघतात, म्हणजे एका पिशवीत चार घरांचं काम होतं. मात्र संत्रं चोवीस तारखेच्या रात्रीच घाला. दोन-चार दिवस आधी घातलं आणि खाली दबून फुटलं, तर कागद, पत्ते, वही, सगळं चिकट होतं.

संत्र्यावर टाचेच्या वळणात गुंडाळी केलेली मऊ वस्तू, म्हणजे खरेच पायमोजे किंवा हातमोजे. वळणात कडक खोका बसवायला गेलात की बाजूला पोकळी राहते आणि तिथे आणखी तीन वस्तू कोंबाव्या लागतात. मग उंच, सपाट वस्तू मागच्या बाजूला उभ्या लावायच्या: पेन्सिली, टूथब्रश, छोटी वही. पुढच्या बाजूला पत्त्यांचा जोड, नाण्यांची जाळी. सगळ्यात वर जे डोकावलं पाहिजे ते: लाल-पांढरी कॅंडी केन, म्हणजे काठीच्या आकाराची साखरेची गोळी, किंवा एखादं छोटं मऊ खेळणं.

आता पैसे. एका मुलामागे पंधरा डॉलर धरू. संत्रं अर्धा डॉलर, नाणी एक, पायमोज्यांची जोडी अडीच, पत्ते दीड, लिप बाम एक, पेन्सिल-खोडरबर एक, टूथब्रश दीड, कॅंडी केन पाव. झाले सव्वानऊ. चार डॉलर एका ‘मुख्य’ वस्तूसाठी, जी बघून मूल ओरडेल: भिंग, होकायंत्र, ओरिगामी कागदांचा गठ्ठा, दोरीवरच्या उड्यांची दोरी. उरलेले पावणेदोन डॉलर विक्रीकराला आणि थोडंफार वरखाली होण्याला. हे आकडे म्हणजे बाजारभाव नव्हे, या मर्यादा आहेत. पायमोजे अडीचमध्ये बसत नसतील तर दुसरीकडून कापा, पण बेरीज हलू देऊ नका.

या मर्यादेत बसायचं तर सुटी वस्तू घेऊन चालत नाही, आणि इथे मंडळाचा खरा उपयोग आहे. पेन्सिली डझनाने स्वस्त पडतात, पायमोजे सहाच्या गठ्ठ्यात, टूथब्रश चार-सहाच्या पाकिटात. एका घराला डझनभर काय करायचे? चार घरांनी मिळून वाटून घ्या. एकाने पेन्सिली आणाव्या, एकाने पायमोजे, एकाने संत्री आणि चॉकलेट, चौथ्याने लिप बाम घरी करावा. पावत्या एकत्र करून हिशेब नगावर करा, घरावर नको. कुणाकडे एक मूल असतं, कुणाकडे तीन.

भावंडांच्या बाबतीत एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. मुलं किंमत मोजत नाहीत, नग मोजतात. दोघांच्या मोज्यांत नगांची संख्या सारखी हवी, मग एकाचं दोन डॉलर जास्त झालं तरी चालतं. प्रत्येक नग टिश्यू कागदात गुंडाळा, एकाला लाल, दुसऱ्याला हिरवा. खर्च नगण्य, पण मोजा उघडायला दोन मिनिटांऐवजी वीस मिनिटं लागतात. त्या सकाळी आई-बाबांना चहा प्यायला तेवढा वेळ मिळतो.

घरी करण्यासारख्या दोन वस्तू सविस्तर सांगते, कारण स्वस्तात चांगल्या आणि संपून जाणाऱ्या आहेत. पहिली लिप बाम. इथल्या थंडीत तो लागतोच. साधारण पाच ग्रॅमच्या बारा नळ्यांना साठ ग्रॅम मिश्रण हवं: मधमाश्यांचं मेण १५ ग्रॅम, शिया बटर (शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल) १५ ग्रॅम, खोबरेल १५ ग्रॅम आणि सूर्यफूल तेल १५ ग्रॅम. बदामाचं तेल मुद्दाम टाळलंय, ॲलर्जीचा प्रश्न नको. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करा, चमच्याने नको, कारण मेणाच्या दाण्यांमध्ये पोकळी असते आणि चमचा फसवतो. पातेल्यात पाणी गरम करून त्यावर काचेचं भांडं ठेवा. आधी मेण वितळवा. ते साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. मग तेलं, शेवटी शिया. आच बंद करून पेपरमिंट तेलाचे सहाच थेंब. जास्त घातलं तर ओठ चुरचुरतात, आणि अगदी लहान मुलांसाठी करत असाल तर घालूच नका.

बिघडतं ते असं. वाफेचं पाणी भांड्यात पडलं किंवा चमचा ओला असला तर पुढे बुरशी येऊ शकते. या मिश्रणात पाणी नसतं म्हणूनच ते परिरक्षकाशिवाय टिकतं. दुसरं, शिया हळूहळू गार झालं तर त्यातले वेगवेगळे स्निग्ध घटक वेगवेगळ्या तापमानाला गोठतात आणि बाम रवाळ होतो, साजूक तुपासारखा. तुपात तो रवा आपल्याला आवडतो, ओठांवर नाही. म्हणून नळ्या भरल्यावर थोड्या निवू द्या आणि लगेच वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. रवाळ झालाच तर पुन्हा पूर्ण वितळवून पटकन गार करा. तिसरं, गार होताना मधोमध खळगा पडतो. चमचाभर मिश्रण मागे ठेवून तो शेवटी भरून काढा. मधमाश्यांचं मेण नको असलेल्यांनी कॅंडेलिला हे वनस्पतीचं मेण वापरावं, पण ते जास्त कडक असल्याने निम्मंच, सात-आठ ग्रॅम, आणि तेवढं तेल वाढवावं.

दुसरी वस्तू चहाचा मसाला, खास करून शाळेतल्या शिक्षिका, बसचालक, शेजारी यांच्यासाठी. पन्नास ग्रॅमला वेलची २० ग्रॅम, सुंठपूड १५, मिरी ५, दालचिनी ५, लवंग ३, जायफळ २. सुंठ अख्खी घेऊ नका. मिक्सरचं पातं अडतं आणि चोथा उरतो. वेलची सालासकट दळायची असेल तर चमचाभर साखर घाला, साल बारीक होतं, मग चाळा. मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं, मसाल्याचं तेल सुटतं आणि पुडीत गुठळ्या होतात. दहा-दहा सेकंद फिरवा, मध्ये थांबा, आणि दळल्यावर ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच पुड्या बांधा. दहा ग्रॅमच्या पुडीत कपाला पाव चमचा या हिशेबाने वीस कप चहा होतो. सोबत इंग्रजीत चिठ्ठी हवी: घटक कोणते, किती घालायचा, आणि दूध-पाण्यासोबत उकळायचा आहे हे. नाहीतर गरम पाण्यात नुसता ढवळून पितात आणि तळाशी गाळ उरतो.

खाऊबद्दल एक गंभीर गोष्ट. चिक्की, तिळाची वडी, तिळगूळ आपल्याला निरुपद्रवी वाटतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा शेंगदाणे, दूध, अंडी यांच्या बरोबरीने नववा प्रमुख ॲलर्जीकारक घटक धरला जातो. दुसऱ्यांच्या मुलांना काही देण्याआधी त्यांच्या पालकांना विचारा, आणि शाळेत घरचा खाऊ चालतो का तेही.

सुरक्षिततेचं आणखी. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर टॉयलेट पेपरची रिकामी नळी हातात घ्या. तिच्यातून जी वस्तू पार जाते ती त्या घरातल्या कुठल्याच मोज्यात नको, कारण मोजे जमिनीवर एकत्रच रिकामे होतात. गोट्या यात आल्या. फुगे आठ वर्षांखालच्या मुलांना नकोत. लहानसे ताकदवान चुंबक आणि पाण्यात फुगणारे मणी तर आणूच नका: चुंबक आतड्यांच्या पदरांतून एकमेकांना चिकटतात, मणी पोटात फुगून वाट अडवतात. चमकणारी अंगठी, गाणारं कार्ड, इवली विजेची मेणबत्ती, यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती घशात अडकली तर ओलाव्यामुळे तिच्यातून वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका भाजते. बॅटरी ‘संपलेली’ असली तरी हा धोका राहतो. कप्प्याला स्क्रू नसेल तर वस्तू दुकानातच ठेवा. गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवू नका, थेट आपत्कालीन कक्ष गाठा. अमेरिकेतली विषबाधेची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते: १-८००-२२२-१२२२.

भारतातून काही आणायचं असेल तर सावंतवाडीच्या चितार आळीतली छोटी लाकडी फळं किंवा भोवरा. हलके, बॅगेत कोपऱ्यात मावतात. पण रंगाची इथल्या नियमांप्रमाणे तपासणी झालेली नसते, म्हणून वस्तू तोंडात घालायच्या वयाच्या मुलांना नको. भोवऱ्याला लोखंडी आर असते. आठ वर्षांपुढच्यांनाच द्या, आणि जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, कशी गुंडाळायची ते सोबत बसून दाखवा, नाहीतर तो कपाटात पडून राहतो. सागरगोटे म्हणजे बिया आहेत. विमानतळावर अडतात, तिथे ठेवून यावे लागतात.

हिवाळ्यात राहायला आलेल्या आजी-आजोबांचाही मोजा भरावा. तळाला रबरी ठिपके असलेले पायमोजे लाकडी फरशीवर फार उपयोगाचे. हात गरम ठेवणाऱ्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की ती गंजते आणि त्याची उष्णता मिळते. बाहेर पडायच्या पंधरा मिनिटं आधी पाकीट फोडायचं. बंद पाकीट चाचपून बघा: भुकटी सुटी लागली तर ठीक, दगडासारखी कडक लागली तर हवा आधीच शिरली आहे. उघड्या कातडीला लावून ठेवायची नाही, झोपताना तर नाहीच. मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झालेल्यांना देऊच नका, भाजलेलं त्यांना कळत नाही. मोठ्या मुलांना गिफ्ट कार्ड आवडतं. घेताना मागची, गुप्त क्रमांक झाकणारी पट्टी खरवडलेली नाही ना ते बघा आणि पावती जपून ठेवा.

शेवटी टांगायचं. घरातल्या शेकोटीच्या (फायरप्लेसच्या) वरच्या फळीवर नुसते ठेवायचे जड धातूचे हुक मूल मोजा ओढतं तेव्हा त्याच्याच डोक्यावर येतात. रिकामे मोजे हौसेने टांगा, पण चोवीसच्या रात्री भरल्यावर खाली, झाडाजवळ आडवे ठेवा. शेकोटी पेटवणार असाल तर मोजे निदान तीन फूट लांब. उष्णतेने चॉकलेटची नाणी तर आधीच मऊ होतात. पायमोजे-पेन्सिली वाटून घ्यायची यादी बाहेर चहाच्या टेबलावर आहे. आपलं नाव, मुलांची संख्या आणि वयं लिहा, आणि कुणाला कशाची ॲलर्जी असेल तर ते शेजारच्या रकान्यात.