खानावळवालीचा युरोप

(दृश्य: पॅरिस. काचेचं उंच छत, टेबलांच्या वर टोप्या-पिशव्या ठेवायच्या पितळी फळ्या. काळं जाकीट आणि पांढरा एप्रन घातलेला वाढपी, एका हातावर चार ताटल्या. गलका.)

आईने सांगलीत 29 वर्षं खानावळ चालवली. युरोपात आम्ही दोघी 47 दिवस फिरलो. आयफेल टॉवरसमोर ती चार मिनिटं थांबली. इथे, फोबूर मोंमार्त्र रस्त्यावरच्या 'बुयों शार्तिए'मध्ये, पावणेदोन तास बसून राहिली. म्हणून सुरुवात इथून.

बुयों म्हणजे मांस उकळलेलं पाणी, अळणी रस्साच म्हणा. 1850 च्या दशकात दुव्हाल नावाच्या एका खाटकाने पॅरिसच्या मंडईतल्या कष्टकऱ्यांना स्वस्तात मांस आणि गरम बुयों द्यायला सुरुवात केली. पुढे अशा जेवणघरांना तेच नाव पडलं. शार्तिए 1896 चं. ज्या रश्शावरून हे नाव आलं तो आईने चाखलाही नाही, ती शाकाहारी.

(दृश्य: भिंतीतले छोटे लाकडी खण. प्रत्येकावर आकडा.)

हे खण बघा. रोज जेवायला येणाऱ्याचा कापडी रुमाल यात राहायचा. माणूस यायचा, आपल्या आकड्याचा खण उघडायचा, रुमाल काढून जेवायला बसायचा. हे काय आहे, ते आईला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
"मेंबर," एवढंच म्हणाली.
तिच्याकडे खण नव्हते, दोन रेघी वह्या होत्या. कोण महिन्याचा, कोण पंधरा दिवसांचा, कुणाचे किती खाडे, रविवारच्या फीस्टला कोण पाहुणा आणणार, सगळं त्यात.

गर्दी असली की इथे अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात. आमच्या समोर एक आजोबा आले. त्यांना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. त्यांनी पावाची टोपली आईकडे सरकवली. आईने किसलेलं गाजर घेतलं होतं, लिंबू पिळलेलं. चव घेऊन मला हळूच म्हणाली, "कोशिंबीर चांगली झालीय, फक्त फोडणी राहिली."

(दृश्य: वाढपी टेबलावरच्या कागदावर पेनाने आकडे लिहितो. जवळून.)

बिल टेबलावर अंथरलेल्या कागदावरच होतं. तो लिहीत गेला आणि आईने समोरून, उलटे आकडे वाचत, त्याच्या आधी बेरीज केली. तो हसला. कागदाचा तो तुकडा फाडून आणलाय.

(दृश्य: ल्यों. 'मेर ब्राझिए' अशी पाटी असलेलं दार, बाहेरून.)

ल्यों शहरात या दारापुढे आम्ही फक्त उभ्या राहिलो. आत जेवणं खिशाला झेपणारं नव्हतं. पण दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

'मेर' म्हणजे आई. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी बायकांनी या शहरात पुढे स्वतःची जेवणघरं काढली. लोक त्यांना मेर म्हणू लागले, जसं आपल्याकडे खानावळीतल्या बाईंना काकू किंवा मावशी म्हणतात. युजेनी ब्राझिए त्यातलीच. जन्म 1895 चा. दहा वर्षांची असताना आई गेली आणि ती शेतावर राबायला लागली. 1921 मध्ये तिने हे जेवणघर काढलं. 1933 मध्ये जेवणघरं पारखणाऱ्या मिशेलिनच्या पुस्तकाने या जेवणघराला तीन तारे, म्हणजे सगळ्यात वरचा मान दिला आणि शहराबाहेरच्या डोंगरातल्या तिच्या दुसऱ्या जेवणघरालाही तीन. एकाच माणसाकडे सहा तारे, हे त्याआधी कुणालाही जमलं नव्हतं. आणि तारे देणारी कंपनी टायर बनवणारी! लोकांनी गाड्या काढून जेवायला लांबवर जावं, म्हणजे टायर झिजतील, असा तो हिशोब.

(दृश्य: लहान वाडग्यात पांढरा मऊ पदार्थ, वर हिरवी पात. आईचा चमचा.)

जेवलो शेजारच्या गल्लीत, एका छोट्या बुशोंमध्ये, म्हणजे ल्योंच्या घरगुती पद्धतीच्या जेवणघरात. हा पदार्थ 'सेर्व्हेल द कानू', म्हणजे रेशीम विणणाऱ्याचा मेंदू. नावाला घाबरू नका. ताज्या मऊ चीजमध्ये बारीक चिरलेली पात, छोटे कांदे, तेल, व्हिनेगर. आईने बोटाने चाखून निकाल दिला, "चक्का."

स्पेनमधल्या सान सेबास्तियानचं चित्रण थोडंच आहे, बारमध्ये कॅमेरा वर धरायलाही जागा नव्हती. काय काय खाल्लंत ते शेवटी तुम्हीच सांगायचं, तेवढेच पैसे. आईचा यावर विश्वास बसायला दोन बार लागले.

(दृश्य: नेपल्स. भट्टीचं तोंड, आत लाल. पीठ लागलेले हात.)

आता हे हात. मोबाइल ठेवून बघा.

मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. यापलीकडे काही नाही. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची 1984 पासून एक संघटना आहे, तिचे नियम लिहिलेले आहेत: पीठ निदान आठ तास फुगायला हवं, उंडा 200 ते 280 ग्रॅमचा, लाटणं चालणार नाही. बोटांनी मधली हवा कडेला ढकलायची, म्हणजे काठ फुगतो आणि मध्य पातळ राहतो. भट्टीत 60 ते 90 सेकंद. त्यापेक्षा जास्त ठेवला की कडक, बिस्किटासारखा.

टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल: हा मारिनारा. नावात समुद्र असला तरी मासा नाही आणि चीजही नाही. आईने लागोपाठ तीन दिवस तोच खाल्ला.

पिझ्झा करण्याची ही कला 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. भाकरी थापणाऱ्या हातांची अजून कुणी यादी केलेली नाही. असो.

तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर, रोज काउंटरपाशी उभ्या राहणाऱ्या या साडीतल्या बाईंना पिझ्झावाल्याने आत बोलावलं. परातीएवढा संगमरवरी ओटा, त्यावर एक उंडा. आईने सवयीने पाण्याचं भांडं शोधलं. पाणी नव्हतं, कोरडं पीठ होतं. पहिल्या उंड्याला तिने थापट्या मारल्या, भाकरीसारख्या. तो "नो, नो" म्हणाला आणि तिची मनगटं धरून दाखवलं: थापायचं नाही, ताणायचं. ज्वारीचं पीठ ताणलं तर फाटतं, म्हणून आपण थापतो. हे ताणलं की पसरत जातं.

सांगलीची खानावळ आम्ही निघण्याच्या दोन महिने आधी बंद झाली. जागा गेली.

(दृश्य: दुसरा उंडा. आईचे हात, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. पीठ फिरतं, काठ गोल होतो. निवेदन नाही. भट्टीचा आवाज, बांगड्यांचा आवाज. 40 सेकंद.)

(दृश्य: भट्टीतून फावड्यावर पिझ्झा बाहेर येतो. एका बाजूला किंचित लांबट.)

आईचा आवाज: "एक बाजू गेली. अजून एक दे म्हणावं."