प्रिंटर बिघडला की माणूस बिघडतो

(चिपळुणातल्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडी काटछाट करून)

अध्यक्ष महोदय, समोर बसलेले काका-मावश्या, आणि वड्याच्या वासावर लक्ष ठेवून मुद्दाम दाराजवळ बसलेले माझे मित्र,

परिचय करून देताना मला ‘संगणकतज्ज्ञ’ म्हटलं गेलं. तज्ज्ञ वगैरे काही नाही, मी दुरुस्तीवाला. सत्तावीस वर्षं याच गावात लोकांचे संगणक उघडतोय. आतून धूळ काढली, झुरळं काढली, एकदा पालीची दोन अंडी काढली. सचिवांनी मघाशी विचारलं, “पेनड्राइव्ह आणलात ना? प्रोजेक्टर जोडून ठेवलाय.” नाही आणला. का नाही आणला, ते ओघात येईलच.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घरासाठी प्रिंटर कसा निवडावा आणि संगणकाला व्हायरसपासून कसं वाचवावं’. त्यातला ‘आणि’ बघून एकाने फोन केला, दोन भाषणं एका चहात उरकताय काय म्हणून. माझ्या मते हा विषय एकच आहे. व्हायरस लागलेलं यंत्र दुकानात आलं की मी मालकाला आधी विचारतो, “शेवटचं काय छापत होतात?” माणूस आधी चमकतो, मग आठवतो, मग ओशाळतो.

एरवी आपण सगळे सावध असतो. ओटीपी मागणाऱ्याला चार शिव्या घालून फोन ठेवतो. पण उद्या सकाळी दहाच्या आत अर्ज द्यायचाय, रात्रीचे अकरा वाजलेत आणि प्रिंटरचा केशरी दिवा लुकलुकतोय, त्या घटकेला तोच माणूस समोर येईल ते बटण दाबतो, मिळेल ते सॉफ्टवेअर उतरवून घेतो. चोराला कुलूप फोडावंच लागत नाही.

आमच्या भावोजींचं उदाहरण घ्या. ताईच्या परवानगीने सांगतोय. भावोजी गुहागरला मुख्याध्यापक होते. शिस्त अशी, की पेन्सिलीला टोक काढल्यावर उरलेला कचराही रांगेत ठेवतील. त्यांनी सेलमध्ये प्रिंटर घेतला. साडेतीन हजार. छापतो, स्कॅन करतो, झेरॉक्स काढतो. मला फोन करून म्हणाले, “तुझ्या दुकानात गेलो असतो तर दहा हजारांना बुडलो असतो.” मी म्हटलं, बरं झालं.

आता या साडेतीन हजारांच्या प्रिंटरची गोम काय असते? त्याची काळी कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, साधारण शंभर-दोनशे पानं छापते, आणि काळी-रंगीत जोडी घ्यायला गेलात तर प्रिंटरच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास जाता. म्हणजे गाय फुकट आणि पेंड सोन्याच्या भावाने. शिवाय ही शाई पाण्यासारखी पातळ. केसापेक्षा बारीक भोकांतून ती उडवायची असते. महिना-दोन महिने काही छापलं नाही की ती भोकांच्या तोंडाशी सुकते. मग आपण ‘क्लीनिंग’चं बटण दाबतो. यंत्र खरखर, घरघर करतं आणि भोकं मोकळी करायला उरलेली शाईच आत ओतून टाकतं. शाई संपली ती पान न छापता!

भावोजी वर्षातून चारदा छापायचे. नातवाचा प्रकल्प, सोसायटीची नोटीस, असलं काहीतरी. त्यामुळे दर वेळी नवी कार्ट्रिज. एका संध्याकाळी कार्ट्रिज नवी, कागद सरळ, तरी पडद्यावर ‘ऑफलाइन’. भावोजींनी काय करावं? कंपनीच्या नावापुढे ‘हेल्पलाइन’ लिहून इंटरनेटवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. सगळ्यात वर जे येतं ते पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, हे त्यांच्या गावीही नाही. पलीकडचा मुलगा मोठा अदबशीर. “सर, चिंता मत कीजिए.” त्याने एक ॲप टाकायला लावलं, त्यातला आकडा विचारून घेतला, आणि भावोजींच्या संगणकावरचा बाण आपोआप फिरायला लागला. भावोजी कौतुकाने बघतायत. त्या मुलाने विंडोजची एक यादी उघडली. तिच्यात लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी. “सर, देखिए, चार सौ वायरस.”

ही यादी तुमच्याही संगणकात आहे, माझ्याही आहे. इव्हेंट व्ह्यूअर तिचं नाव. अमुक सेवा उशिरा सुरू झाली, तमुक बंद पडली, अशा किरकोळ तक्रारी विंडोज त्यात टिपून ठेवतं. सासूबाईंच्या मनातल्या नोंदींसारखी. त्या वाचून कोणी घर सोडत नाही. पण भावोजी घाबरले. ‘लाइफटाइम सुरक्षा’ चार हजार नऊशे नव्याण्णव, आणि ती भरायला नेटबँकिंग उघडा. भावोजींनी ते उघडलं, आणि तेवढ्यात पडदा काळा.

ताईला खोबऱ्याची चटणी वाटायची होती. मिक्सरला जागा नव्हती म्हणून तिने एक्स्टेन्शन बोर्डावरचा जो प्लग हाताला लागला तो उपटला. संगणक गेला, वायफायचा डबा गेला, तो अदबशीर मुलगाही गेला. (हशा.) हसू नका, सांगतोय ते खरंय. असं झालं तर पहिला उपाय तोच, इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या यंत्रावरून बँकेचा पासवर्ड बदला, ते ॲप काढून टाका. आणि प्रिंटर ऑफलाइन का होता? नातवाने दुपारी वायफायचा पासवर्ड बदलला होता.

‘प्रिंटर काय, रोजचंच रडगाणं’ असं आपण म्हणतो ना, त्यावर कोणी केवढा डाव रचला होता बघा. फेब्रुवारी २०१६, ढाका, बांगलादेशची मध्यवर्ती बँक. तिथे दहाव्या मजल्यावर एक प्रिंटर होता. परदेशी व्यवहार झाले की त्यांच्या पावत्या त्यातून आपोआप छापून यायच्या. ५ तारखेला शुक्रवारी सकाळी ट्रे रिकामा. कर्मचाऱ्यांना वाटलं, बिघडला असेल, पूर्वीही बिघडायचा. शुक्रवार म्हणजे तिकडे सुट्टी. प्रत्यक्षात वर्षभरापूर्वी नोकरीच्या अर्जाच्या सोंगाने आलेल्या ई-मेलमधून चोर आत शिरले होते, आणि त्यांनीच तो प्रिंटर मुका केला होता. बांगलादेशचे डॉलर न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत असायचे. तिथे चोरांचे पैसे पाठवण्याचे ३५ हुकूम गेले होते, सुमारे ९५ कोटी डॉलरचे. दुसऱ्या दिवशी प्रिंटर चालू केला तेव्हा न्यूयॉर्कहून आलेल्या चौकशा बाहेर पडायला लागल्या. तोवर तिकडे शनिवार-रविवार. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोचलेही. श्रीलंकेला निघालेले २ कोटी अडले ते ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलं म्हणून. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या मास्तरांची आठवण मला दर वेळी येते. लांबचं वाटत असेल तर पुणं घ्या. २०१८च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेतून असेच ९४ कोटी गेले.

आता पेनड्राइव्ह. घरी प्रिंटर नाही म्हणून आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदार भला माणूस, पण त्याच्या संगणकाला दिवसाला शंभर पेनड्राइव्ह लागतात. एसटी स्टँडच्या नळाला शंभर तोंडं लागावीत तसं. घरी येऊन उघडावं तर सगळे फोल्डर ‘शॉर्टकट’ झालेले. लोक घाबरतात, लग्नाचे फोटो गेले म्हणून. ते गेलेले नसतात, व्हायरसने लपवलेले असतात, आणि त्यांच्या जागी स्वतःच्या पाट्या लावलेल्या असतात. पाटीवर क्लिक केलं की तो तुमच्या यंत्रात उतरतो. म्हणून फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात वाकडा बाण दिसला की हात मागे घ्या. मी पेनड्राइव्ह आणला नाही तो या सभागृहाच्या संगणकाच्या भीतीने, कमिटीने गैरसमज करून घेऊ नये.

दुसरं म्हणजे, आधारची पीडीएफ तुम्ही दुकानदाराला व्हॉट्सॲप करता आणि वर पासवर्डही सांगता. तो काय असतो सगळ्यांना ठाऊक आहे, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. ती फाइल दुकानातल्या संगणकावर किती दिवस पडून राहते? माझ्या दुकानात साफसफाई करताना मला अर्ध्या गावाची जन्मसालं कळली होती. काही मावश्यांनी मला पूर्वी वेगळी सांगितली होती.

तेव्हा घरी प्रिंटर असावा. कुठला? अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, त्यामुळे भराभर. छापायचं ते बहुतेक काळंच असेल आणि तेही कधीमधी, तर काळा-पांढरा लेझर घ्या. त्याची शाई म्हणजे भुकटी. ती सुकत नाही. गणपतीपासून शिमग्यापर्यंत बंद ठेवा, पहिलं पान स्वच्छ येईल. भुकटी कागदावर भाजून चिकटवायला आत हीटर असतो, तो क्षणभर भरपूर वीज ओढतो, घरातले दिवे मिणमिणतात. म्हणून लेझर यूपीएसला कधी जोडायचा नाही, सरळ भिंतीच्या प्लगला. घरात शाळेतली मुलं, आठवड्याला रंगीत चित्रं, तर टाकीवाला, म्हणजे बाटलीतून शाई ओतायचा. पूर्वी आम्ही दुरुस्तीवाले प्रिंटरला भोकं पाडून सलाइनसारख्या नळ्या लावायचो. इंडोनेशियातही लोक तेच करायचे. शेवटी २०१०मध्ये एप्सनने टाकीवाला प्रिंटर काढला आणि पहिल्यांदा विकला तो तिकडेच. बाटलीभर काळी शाई साडेचार-सहा हजार पानं जाते, पानाला दहा-पंधरा पैसे. मात्र आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढायचं, नाहीतर भावोजींची गत. किंमत दोन्हींची दहा-पंधरा हजारांच्या घरात. खोक्यावर जो पानांचा आकडा असतो तो पानाचा जेमतेम पाच टक्के भाग शाईने भरेल असं धरून काढलेला असतो. लग्नपत्रिका छापणाऱ्याने तो आकडा विसरावा. आणि आपल्याकडे आषाढात कागद सर्द होतो. रिम उघडी टाकू नका, कागद अडकला की यंत्राला दोष देता. स्कॅनर हवाच, अर्ज सगळे अपलोड करायचे असतात.

प्रिंटर आणला की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषा, कंपनीच्याच साइटवरून, पत्ता स्वतः टाइप करून. ‘फ्री ड्रायव्हर’च्या साइटवर जाऊ नका. काही ठिकाणी तर मुद्दाम खोटी चूक दाखवून खाली फोन नंबर देतात, आणि पलीकडे तो अदबशीर मुलगा असतोच.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ बरं.

व्हायरस. अपडेट टाळू नका. विंडोजमध्ये स्पूलर नावाचा छपाईच्या रांगेचा मुकादम असतो. इराणच्या अणुप्रकल्पात घुसलेल्या स्टक्सनेट नावाच्या व्हायरसने, जो २०१०मध्ये उघडकीला आला, त्याच मुकादमाच्या चुकीचा फायदा घेतला होता. २०२१मध्ये पुन्हा त्याच्यातच मोठं भगदाड सापडलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपडेटची मुदत संपलेल्या विंडोज ७लाही ठिगळ दिलं. विंडोज १०ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. जुन्या यंत्रवाल्यांनी दुकानात येऊन भेटा, इथे वेळ नाही. अँटीव्हायरस एकच. विंडोजबरोबर येतो तो डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, फक्त चालू ठेवा. विकतचा घ्यायचा तर आपल्या पुण्याचा क्विक हीलही आहे. तो काढणारे कैलास काटकर हे मूळचे कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे, म्हणजे आमच्यातले, म्हणून थोडा अभिमान. पण दोन अँटीव्हायरस एकत्र नकोत, एका म्यानात दोन तलवारी. चोरीचं विंडोज चालू करायला जी ‘क्रॅक’ असते ती उघडताना आधी अँटीव्हायरस बंद करा म्हणतात. का म्हणतात, विचार करा. संगणकावरचं रोजच्या कामाचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, नको, साधं हवं. मोबाइलवर लग्नाची पत्रिका एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, म्हणून आली तर त्या लग्नाला जाऊ नका.

आणि बॅकअप. खंडणीवाला व्हायरस सगळ्या फाइलींना कुलूप लावतो, त्या वेळी दुसरी प्रत एवढाच आधार. २२ जुलै २०२१ला आपल्यापैकी बहुतेकजण माळ्यावर किंवा गच्चीत होते. वाशिष्ठी ओसरल्यावर पंधरा दिवस माझ्या दुकानात, म्हणजे दुकानाचं जे राहिलं होतं त्यात, लोक चिखलाने भरलेल्या हार्डडिस्क घेऊन यायचे. एक गृहस्थ फार नेमाने बॅकअप घेणारे. दर रविवारी. ती डिस्क कुठे होती? संगणकाच्या टेबलाखालच्या खणात. दोन्ही एकाच पाण्यात गेल्या. तेव्हा एक प्रत बाहेरगावी, लेकीकडे, किंवा क्लाउडवर. आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. जोडलेली राहिली तर खंडणीवाला तिलाही कुलूप लावतो.

पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर, लगेच, लाज न बाळगता. जितक्या लवकर कळवाल तितकं खातं गोठवून पैसे अडवण्याची शक्यता जास्त. भावोजींनी मला आठवड्याने सांगितलं होतं, तेही ताईने चटणीची गोष्ट काढली म्हणून.

अध्यक्ष उभे राहिलेत, तेव्हा थांबतो. प्रश्न वडा खाताना विचारा. सचिव म्हणतायत, स्मरणिकेसाठी भाषण पेनड्राइव्हवर द्या. ई-मेल करतो.