थाळनेर: राजे जिथे परत यायचे

मंडळी, मागच्या हिवाळ्यात थाळनेरला निघालो, तेव्हा एस.टी.त शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, "भाऊ, तठे काय शे देखाले?" (तिथे बघायला काय आहे?) आजचं बोलणं म्हणजे त्या आजींना दिलेलं उत्तर आहे असं समजा, कारण तेव्हा मला ते नीट देता आलं नाही. त्या आपल्या थांब्यावर उतरून गेल्या.

आपण हंपीला जातो, देवगिरीला जातो. आणि खानदेशच्या सुलतानांची पहिली राजधानी आपल्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर आहे. 1370 साली दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंद ही ठाणी दिली. शिकारीत वाट चुकलेल्या भुकेल्या सुलतानाला मलिक राजाने जेवू घातलं, त्याचं हे बक्षीस, अशी कथा जुन्या बखरकारांनी सांगितली आहे. करवंद म्हणजे आपल्या तालुक्यातलं, धरणाचं करवंद, तेच. बारा वर्षांत, 1382 साली, मलिक राजा स्वतंत्र झाला आणि इथूनच कारभार करू लागला.

थाळनेरची गढी, म्हणजे जुना किल्ला, बघायची तर आधी नदीवर उतरा. गावातून गेलात तर मातीचा ढिगारा आणि पडका बुरूज एवढंच दिसेल. नदीकडून वर पाहिलं की कळतं, ही जागा का निवडली. एका अंगाला सरळ तापी, उरलेल्या तिन्ही अंगांना खोल घळ. आत शिरायला वाट एकच, पूर्वेची, आणि तिच्यावर एकामागे एक पाच दरवाजे. शिवाय खालून सुरत-बुऱ्हाणपूरचा व्यापारी रस्ता. नदी ओलांडायचा उतार आणि घाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात जकात. पावसाळ्यात कड ढासळते, मातीतून खापरं डोकावतात. ती तिथेच राहू द्या. जागेवरून उचललेलं खापर मुकं होतं.

मलिक राजा 1399 साली गेला. जाताना त्याने थोरल्या नासिरला धुळ्याजवळचं लळिंग दिलं आणि धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. नासिरने असीरगड घेतला, तापीकाठी वरच्या अंगाला बुऱ्हाणपूर वसवलं, राजधानी तिकडे नेली. तरी थाळनेर त्याच्या मनातून गेलं नाही. 1417 साली माळव्याच्या होशंगशहाची मदत घेऊन त्याने ते सख्ख्या भावाकडून हिसकावलं.

यापुढचं मला या सगळ्यात फार मोलाचं वाटतं. 1437 साली नासिर वारला आणि त्याचं दफन थाळनेरला, बापाशेजारी झालं. त्याचा मुलगा आदिलखान 1441 साली गेला, त्याची कबर थाळनेरला. मुबारकखान 1457 साली गेला, तोही थाळनेरला. बुऱ्हाणपूर इथून सरळ रेषेत मोजलं तरी सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. सिंहासन तिकडे, महाल तिकडे, पण माणूस मेला की इकडे आणायचा. 1437 ते 1457, वीस वर्षांत तीनदा असं झालं. पाठ्यपुस्तकात "राजधानी बुऱ्हाणपूरला हलवली" एवढं एक वाक्य असतं. या कबरींवरच्या घुमटांपाशी उभं राहिलं की ते वाक्य अपुरं वाटतं. कारभार हलला होता, घर हललं नव्हतं. पुढचा आदिलखान दुसरा मात्र 1501 साली बुऱ्हाणपुरातच पुरला गेला. थाळनेर खरं सुटलं ते तेव्हा, असं मी मानतो.

त्या घुमटांमध्ये एक अष्टकोनी आहे. तिथे घाई करू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं, आणि बांधणीतलं मांडूचं, म्हणजे माळव्याच्या राजधानीचं, वळणही ओळखू येतं. माळव्याशी असलेली सोयरीक दगडात उतरली आहे.

आणखी एक सांगतो, ते सांगताना मला दर वेळी जड जातं. मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला. 27 फेब्रुवारी 1818 रोजी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरसमोर आली. होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा शरण आला, दरवाजे उघडत गेले. शेवटच्या दिंडीदरवाजापाशी गोंधळ झाला, आत गेलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. मग इंग्रजांनी किल्ल्यातली सगळी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिली, शरण आलेल्या माणसाला. खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये त्यावर आक्षेप निघाले. हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानताना या फाशीला आपली संमती समजू नये, असं तिथे नोंदवावं लागलं. गढीच्या पूर्व अंगाला गेलात तर दोन मिनिटं थांबा. त्या वाटेवर तुळशीराम मामाच्या नावाची साधी पाटी तरी लागावी, असं माझं मागणं आहे.

हेच थाळनेर लता मंगेशकरांचं आजोळ, हे तुम्हाला ठाऊक आहेच. घाटावर तेही आठवेल.

जायचं तर सकाळी लवकर निघा, पाणी सोबत घ्या. आधी नदी, मग गढी, शेवटी घुमट. आणि जाताना घरातल्या एखाद्या आजीला बरोबर न्या.